मांजर अंगावरचे केस का चाटून काढते?

दिल्लीत दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली, की मांजर पाळणाऱ्या काही घरांत एक गोष्ट अवचित ध्यानात येते. मांडीवर पहुडलेल्या मांजराच्या पोटावरून सहज हात फिरवावा, तो तेथे केसच नसतात. त्वचा गुळगुळीत लागते. मांड्यांच्या आतल्या बाजूला खुरटे, तुटके केस तेवढे उरलेले असतात. आणि एखादे ठिकाण चावून चावून लाल, ओलसर झालेले दिसते. घरातील मंडळी आठवू लागतात. फटाक्यांचा धडाका नुकताच होऊन गेलेला असतो, किंवा बदलीमुळे घर बदललेले असते. मग निदान चटकन होऊन जाते : मांजराने मनाला लावून घेतले आहे. हे निदान कधी कधी खरेही असते. परंतु पुष्कळदा ते घाईचे ठरते, आणि त्या घाईमुळे मांजराचे दुखणे महिनोन्‌महिने तसेच राहते.

वस्तुतः अंग चाटणे हा मांजराचा दोष नव्हे, तो त्याचा नित्याचा व्यवसाय आहे. जागेपणीचा बराच काळ ते त्यात घालविते. त्याच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले शेकडो बारीक काटे असतात. अमेरिकेतील ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी २०१८ साली असे दाखवून दिले, की हे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असून ते लाळ शोषून घेतात आणि केसांच्या मुळापर्यंत पोहोचवितात. त्यामुळे केसांतील मळ निघतो, अंगावरच्या पिसवा निघतात, आणि लाळ वाळताना शरीराला गारवाही मिळतो. याखेरीज चाटण्याचा आणखी एक उपयोग आहे. नेम चुकून उडी फसली, की मांजर काही घडलेच नाही अशा थाटात खाली बसते आणि अंग चाटू लागते. पेचात सापडलेला माणूस डोके खाजवतो, तसाच हा प्रकार होय. गोंधळलेल्या मनाला ही ओळखीची क्रिया शांतवते. पेच क्षणाचा असेल तर चाटणेही क्षणाचेच राहते. पण तो रोजचा झाला, तर ते थांबत नाही आणि केस झिजू लागतात.

यातली अडचण अशी, की खाज आणि वेदना यांवरही मांजराजवळ जीभ हाच उपाय असतो. पिसू चावली तरी ते चाटते, मूत्राशयात दुखले तरी पोटाखालचा भाग चाटते, सांधा ठणकला तरी त्यावरची त्वचा चाटते. बाहेरून पाहणाऱ्याला सारे एकसारखेच दिसते. २००६ साली अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानसिक कारणाने केस गेल्याचा संशय असलेली २१ मांजरे त्यात बारकाईने तपासण्यात आली होती. त्यांपैकी १६ मांजरांच्या बाबतीत शारीरिक कारणच सापडले. तीन मांजरांत शारीरिक व मानसिक अशी दोन्ही कारणे होती. आणि केवळ मनाचे दुखणे म्हणावे अशी मांजरे निघाली अवघी दोन. संख्या लहान आहे हे खरे. पण इशारा पुरेसा स्पष्ट आहे.

दिल्लीच्या ऋतुमानाकडे पाहिले म्हणजे हा इशारा येथे विशेष लागू पडतो. जुलै ते सप्टेंबर हे दमट दिवस पिसवांच्या वाढीला सोयीचे. त्याआधीच्या कोरड्या उन्हाळ्यातही, पाण्याचा कूलर चालू असलेल्या खोलीत त्यांना हवा तो ओलावा मिळू शकतो. पिसवांचा उपद्रव वाढतो तो पावसाळ्यात, आणि त्याच्या पाठोपाठ येते दिवाळी. फटाके कानांना ऐकू आले, म्हणून ते लक्षात राहतात. पिसू कोणी पाहिलेली नसते, म्हणून तिचे नाव निघत नाही. ती दिसावी तरी कशी? सतत चाटणारे मांजर अंगावरच्या पिसवा गिळून टाकते आणि पुरावाच नाहीसा करते. शिवाय पिसवेच्या लाळेचे वावडे असलेल्या मांजराला थोडेसे दंशही खाजेसाठी पुरतात. पिसवांची अंडी आणि अळ्या मांजराच्या अंगावर नव्हे, तर सतरंजीत, गादीच्या शिवणीत आणि फरशीच्या फटीत असतात. म्हणून औषध घरातील प्रत्येक मांजराला व कुत्र्याला द्यावे लागते, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यातून काढावे लागते, आणि हा क्रम काही महिने चालू ठेवावा लागतो.

तेव्हा पहिली पायरी पशुवैद्याची. मांजराचे उपचार करणारे दवाखाने आज दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद येथे सहज सापडतात. डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालची फ्रेंडिकोज ही संस्था १९७९ पासून आणि राजा गार्डनचे संजय गांधी ॲनिमल केअर सेंटर १९८० पासून दिल्लीत पशुसेवेचे काम करीत आले आहे. पशुवैद्य प्रथम केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. केसाचे टोक निमुळते असेल, तर तो आपोआप गळला आहे. टोक तुटलेले असेल, तर तो चाटून तोडला आहे. मांजर हे काम पुष्कळदा एकांतात उरकते, त्यामुळे ‘आमचे मांजर तर चाटताना दिसत नाही’ या सांगण्यावर भिस्त ठेवता येत नाही. पुढे त्वचा खरवडून सूक्ष्म किडे पाहतात, नायट्याची तपासणी करतात. नायटा माणसालाही लागतो, हे घरातल्यांनी ध्यानात ठेवावे. अन्नाच्या वावड्याचा संशय आल्यास सुमारे आठ आठवडे ठरावीक पथ्याचेच अन्न देतात. त्या काळात कोणी प्रेमाने दुधाची बशी पुढे केली, तर सारी परीक्षा वाया जाते. मूत्राची तपासणीही आवश्यक असते. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही होत नाही, असे दिसल्यास सकाळची वाट न पाहता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे. मूत्रमार्ग तुंबणे जिवावर बेतते.

घरगुती उपचारांविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. मांजराचे यकृत काही द्रव्ये माणसासारखी पचवू शकत नाही. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. कुत्र्याच्या पाठीवर टाकायच्या पिसवांच्या औषधांपैकी ज्यांत परमेथ्रिन असते, ती मांजराला विषासारखी बाधतात. फरशी पुसण्याचे फिनेल पंजांना लागते आणि पंजे चाटताना पोटात जाते. जखमेवर लावलेले कोणतेही मलम मांजर चाटणारच, हे गृहीत धरूनच वैद्याला विचारावे.

आता शरीराची सारी कारणे तपासून झाली आणि काही सापडले नाही, असे समजू. किंवा पिसवांचा बंदोबस्त झाला, तरी चाटणे चालूच आहे. तेव्हा मात्र मनाकडे वळले पाहिजे; आणि मांजराचे मन समजण्यासाठी ते कोणत्या जातीचे जीवन जगण्यास जन्मले, हे पाहिले पाहिजे. मांजर उंदराची शिकार करते, पण आपल्याहून मोठ्या जनावराची शिकारही होऊ शकते. म्हणून त्याला पाळत ठेवायला उंच जागा लागते आणि दडायला आडोसा लागतो. कुत्रे माणसाला धरून राहते आणि मांजर घराला, असे जुनी माणसे म्हणत. त्यात पुष्कळ तथ्य आहे. मांजर गाल घासून घराच्या कोपऱ्यांवर आपला गंध ठेवते, आणि त्या गंधावरच त्याची निर्धास्तता अवलंबून असते.

द्वारका किंवा नोएडा येथील सातव्या मजल्यावरच्या बंद घरात यातले काय उरते? बाल्कनीत पारवे घुमत असतात, पण ते जाळीपलीकडे. खालच्या मजल्यावरच्या घरात खिडकीशी परका बोका येऊन बसतो. दिल्लीच्या काही वस्त्यांत तर वानरांची टोळीच गजांवर येते. घर भाड्याचे असते, अकरा महिन्यांनी ते बदलते, आणि सारे गंध एका दिवसात पुसले जातात. मांजर एकटे कंटाळते म्हणून दुसरे आणले जाते. पहिल्याच्या दृष्टीने तो घुसखोर असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरात दिवाळीचे फटाके रात्री ८ ते १० एवढ्याच वेळेपुरते बांधून दिले; पुढेही निर्बंध आले; तरी राजधानीच्या आकाशातील आवाज थांबलेला नाही. मांजराला पळून जाता येत नाही आणि लढताही येत नाही. उरते ती जीभ.

यावरचा उपाय मांजराला सुधारण्याचा नाही, घर सुधारण्याचा आहे. २०१३ साली मांजरांच्या वैद्यांच्या दोन संघटनांनी मिळून मांजराच्या घराच्या पाच गरजा सांगितल्या : सुरक्षित जागा; अन्न, पाणी व शौच यांची वेगवेगळी आणि एकाहून अधिक ठिकाणे; शिकारीसारखा खेळ; माणसाचे सौम्य व नियमित वागणे; आणि मांजराच्या घ्राणेंद्रियाचा मान राखणारे वातावरण. यासाठी फार पैसा लागतो असे नाही. कपाटाच्या माथ्यावर घडी घातलेली चादर आणि कोपऱ्यात आडवे ठेवलेले खोके, एवढ्याने सुरक्षित जागा होते. लिटरचे ट्रे मांजरांच्या संख्येहून एक अधिक असावेत, आणि ते एकाच रांगेत नसावेत. दोरीला पीस बांधून रोज ठरल्या वेळी दोनदा दहा-दहा मिनिटे खेळवावे आणि खेळाच्या शेवटी खाऊ द्यावा, म्हणजे शिकार पुरी झाल्याचे समाधान मिळते. खिडकीशी परके मांजर येत असेल, तर काचेचा खालचा भाग कागदाने झाकावा. घर बदलताना मांजराची जुनी गोधडी न धुता बरोबर न्यावी आणि पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे. दुसरे मांजर आणलेच, तर आधी दाराआडून गंधाची ओळख करून द्यावी, दृष्टिभेट मागाहून. दिवाळीत आतल्या खोलीचे दार-खिडक्या सायंकाळपूर्वीच लावून घ्याव्यात. मांजर पलंगाखाली दडले, तर त्याला ओढून बाहेर काढू नये.

चाटताना पाहून रागावणे, टाळी वाजवणे, जवळ घेऊन पुन्हा पुन्हा अडवणे, हे सर्व ताणात भरच घालते. मानेभोवतीची शंकूच्या आकाराची कॉलर जखम भरेपर्यंत उपयोगी पडते. पण कारण तसेच ठेवून ती महिनोन्‌महिने घातली, तर मांजराची शांत होण्याची एकमेव वाटही बंद होते. घर सुधारूनही गुण आला नाही, तर पशुवैद्य फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन यांसारखे औषध देतात. त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि ते मनाने सुरू करणे जितके अयोग्य, तितकेच मनाने एकदम बंद करणेही अयोग्य.

या सर्व काळात एक साधी वही फार उपयोगी पडते. केस कोठे गेले, कोणत्या महिन्यात गेले, पिसवांचे औषध केव्हा दिले, घरात त्या सुमारास काय घडले, याची तारीखवार नोंद ठेवावी. केवळ स्मरणावर विसंबलेला माणूस फटाके आठवतो आणि पिसू विसरतो. वही दोन्ही लक्षात ठेवते. केस परत येण्यास काही महिने लागतात, आणि पहिली लव दिसली म्हणून उपचार आटोपते घेऊ नयेत. मांजर आपले दुखणे बोलून दाखवीत नाही, चाटून दाखवते. ते दुखणे अंगाचे की मनाचे, हे ठरविण्याआधी पोटावरची ती उघडी जागा दिव्याखाली नीट पाहावी आणि वही घेऊन पशुवैद्याकडे जावे.