घरावरचं सोलर: आपल्या बार्शी भागात खर्च किती, आणि किती किलोवॅट घ्यावं?



सोयाबीन-तुरीच्या सल्ल्यात आज थोडा खंड. गेल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त फोन आले ते सोलरचे. गावोगाव एजंट फिरतायत, "तीन किलोवॅट घ्या, ७८ हजार सबसिडी, लाईटबिल शून्य" असं सांगतायत. सबसिडीचा आकडा खरा आहे. पण तीन किलोवॅट प्रत्येक घराला लागतात का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. ही योजना *घराच्या मीटरसाठी* आहे, नाव पीएम सूर्य घर. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही वेगळी, ती विहीर-बोअरच्या पंपासाठी. शेतीपंपाच्या कनेक्शनवर घराची सबसिडी मिळत नाही. शेतवस्तीवर राहणाऱ्या ज्यांचे घरातले दिवे पंपाच्या लाईनवर चालतात, त्यांना आधी घरगुती मीटर घ्यावा लागेल.

आता खर्च. केंद्राची सबसिडी १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार. त्यापुढे कितीही मोठा प्लांट लावला तरी ७८ हजारच. आपल्याकडे सध्या सांगितले जाणारे दर पाहिले तर १ किलोवॅटला साधारण ६५ ते ७५ हजार, २ ला १ लाख २० ते १ लाख ४० हजार आणि ३ ला १ लाख ८० हजार ते २ लाख १० हजार लागतात. सबसिडी वजा केली की पदरचे अनुक्रमे चाळीसेक हजार, ६० ते ८० हजार आणि १ लाख ते १ लाख ३० हजार.

किती किलोवॅट घ्यायचं ते बिलावर ठरवा. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. श्रावणात कमी, मार्च-एप्रिलला जास्त.

समजा घरात फ्रीज, टीव्ही, पंखे, पाण्याची मोटर आहे आणि महिन्याला १५० युनिट जळतात. बिल येतं साधारण १,४०० ते १,५००. यात ग्यानबाची मेख अशी की पहिल्या १०० युनिटांपेक्षा वरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट असतो. त्यामुळे १ किलोवॅट बसवलं तरी सगळी महाग युनिटं आधी उडतात आणि महिन्याला हजार-अकराशे वाचतात. पैसे तीन-साडेतीन वर्षांत फिटतात. २ किलोवॅट घेतलं तर वाचतात तेराशे-साडेतेराशे, फिटायला चार-पाच वर्षं. आणि ३ घेतलं तर? बचत तीच! कारण जळतातच १५० युनिट. फिटायला सात-आठ वर्षं. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण ३१ मार्चला हिशेब होतो आणि शिल्लक युनिटांना मिळणारा भाव अगदी किरकोळ असतो. एजंट हे सांगत नाही, कारण त्याचा फायदा मोठ्या प्लांटमध्ये.

बिल पूर्ण शून्य होत नाही, हेही ऐकून ठेवा. स्थिर आकार दर महिन्याला येणारच.

ज्यांचं बिल ६०-७० युनिटांचं आहे, त्यांना एवढे पैसे घालून काही हाती लागत नाही. त्यांनी राज्याची *स्मार्ट योजना* बघावी. ती २०२५ मध्ये आली, महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांसाठी. १ किलोवॅटला केंद्राच्या ३० हजारांवर राज्य भर घालतं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वतःचे २,५०० रुपये भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५ हजार, इतरांना १० हजार. इथे प्राधान्य आधी येणाऱ्याला आहे.

आता पैशाचं. सबसिडी नंतर खात्यावर येते, मीटर बसून तपासणी झाल्यावर. तोवर रक्कम आपल्यालाच उभी करायची. काही जण *पीककर्जाच्या पैशातून* सोलर लावायच्या विचारात आहेत. माझं स्पष्ट मत, असं करू नका. पीककर्ज वर्षात पूर्ण भरलं तरच व्याजाची सवलत टिकते. सोलरचे पैसे वर्षात सुटत नाहीत, मग खत-बियाण्याच्या तोंडावर सावकार गाठावा लागतो. ३ किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका याच योजनेत तारणाशिवाय वेगळं कर्ज देतात, हप्ते लांब मुदतीचे. तिकडे अर्ज करा.

सगळ्यात जास्त निराशा कशानं होते सांगू? लाईट गेली की सोलरही बंद पडतं! भर दुपारी, कडक उन्हात सुद्धा. पोलवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तशीच रचना करून येतो. भारनियमनावर इलाज म्हणून घेत असाल तर बॅटरीचा वेगळा खर्च धरा, आणि बॅटरीला सबसिडी नाही.

घर माळवदाचं असेल तर वर स्ट्रक्चर उभं करू नका, वजन आणि वारा दोन्ही झेपणार नाही. स्लॅबवर १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. लिंबाची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर जरी पडली तरी उत्पादन घसरतं. मळणीच्या दिवसांत भुस्कट बसतं, ते सकाळी ऊन तापायच्या आत धुवा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर धुतल्यावर फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर काचेवर पांढरे डाग धरतात.

कोटेशन घेताना पॅनेल *भारतीय बनावटीच्या सेलचं* आहे का ते लिहून घ्या, नसेल तर सबसिडी नाही. विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा, आणि पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडेच असते. बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, कारण अर्ज तिथेच अडकतात.

गेल्या बारा महिन्यांच्या युनिटचा तक्ता तुमच्या लाईटबिलावर असतो. त्याचा फोटो आणि घराचा प्रकार (स्लॅब, पत्रा की माळवद) मला याच नंबरवर पाठवा. किती किलोवॅट पुरेल ते हिशेब करून सांगतो.

— आपला कृषी सल्लागार