डोक्यातली गाठ आणि पेशीतलं ‘भंगार’

“सिस्टर, माझ्या पोराला कसलंच व्यसन नाही. मग त्याच्या डोक्यात गाठ झाली कशी?” वॉर्डात ड्युटी करताना हा प्रश्न मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकला. कुणी म्हणे बाहेरचं झालं, कुणी म्हणे नशीब. विज्ञानाकडे अजून पूर्ण उत्तर नाही, पण एक धागा हाती लागला आहे. तो समजून घेऊ या.

आपल्या पेशींमध्ये डीएनए असतो. शरीर चालवण्याच्या सूचना त्यात लिहिलेल्या असतात. सूचनेची नक्कल म्हणजे आरएनए. त्या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते. पण प्रथिनांच्या सूचना डीएनएच्या जेमतेम २ टक्के भागात असतात. उरलेल्या भागाला बरीच वर्षे भंगार समजत. भंगारातही कामाची वस्तू निघते, हे आपल्या वस्तीला कुणी शिकवायला नको! इथेही तेच झालं. त्या भागातूनही आरएनए निघतो. त्यातला २०० पेक्षा जास्त अक्षरांचा, प्रथिन न बनवणारा तो ‘लांब आरएनए’. कोणती सूचना चालू ठेवायची, कोणती बंद, यात त्याचा हात असतो.

असाच एक ‘हॉटएअर’ नावाचा आरएनए अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली जगापुढे आणला. सूचना बंद करणाऱ्या प्रथिनांना तो सोबत घेतो. निरोगी मेंदूत तो जवळजवळ नसतोच. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या जहाल कर्करोगात मात्र तो वाढलेला आढळतो. पेशीचा ब्रेक सुटतो आणि गाठ वाढत जाते. प्रयोगशाळेत तो कमी केल्यावर गाठीच्या पेशींची वाढ मंदावली.

मात्र हे संशोधन अजून प्रयोगशाळेतच आहे. लांब आरएनएवर मारा करणारं मेंदूच्या गाठीचं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. तशा नावाने कुणी महागडी तपासणी किंवा पुडी विकत असेल, तर पैसे देऊ नका. आजचा उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या.

आपल्या हातात आहे ते वेळेवर पोहोचणं. पहाटे वाढणारी डोकेदुखी आणि उलटी, मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेली फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नजर धूसर होणं, ही लक्षणं अंगावर काढू नका. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे, आणि प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण खात्री स्कॅननेच होते. फिट आली तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. रुग्णाला कुशीवर वळवा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर ताबडतोब १०८ ला फोन करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि त्या आईला एवढंच सांगा: बाई, यात तुझी चूक नाही, पोराचीही नाही. हा रोग शिवल्याने पसरत नाही. त्याचं ताट वेगळं ठेवू नकोस.