वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : कोणती आणि कोणासाठी?

आहारावरील नियंत्रण, व्यायाम, औषधे असे सारे उपाय करूनही वजन हटत नाही, तेव्हा अनेकांची पावले शस्त्रक्रियेकडे वळतात. वैद्यकीय परिभाषेत तिला ‘बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया’ म्हणतात. अशा वेळी रुग्ण आणि त्याचे नातेवाईक यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : यातून किती किलो वजन उतरेल? प्रश्न स्वाभाविक असला तरी शस्त्रक्रियेच्या प्रकाराची निवड केवळ त्यावर करता येत नाही. आज प्रचलित असलेल्या प्रमुख प्रकारांत वजन घटण्याच्या बाबतीत फरक आहे, पण तो समजला जातो तितका मोठा नाही. खरा फरक पडतो तो आम्लपित्त, मधुमेह, आहाराच्या सवयी आणि पुढील आयुष्यभर औषधे व तपासण्या सांभाळण्याची तयारी या गोष्टींमुळे.

शस्त्रक्रिया कोणाला?

लठ्ठपणा मोजण्यासाठी ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणजेच बीएमआय हे परिमाण वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. उदाहरणार्थ, १६५ सेंटिमीटर उंची आणि १०० किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बीएमआय साधारण ३६.७ येतो.

अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार बीएमआय ४० असल्यास, किंवा ३५ असून मधुमेहासारखा सहव्याधी असल्यासच शस्त्रक्रिया सुचविली जाई. २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख संघटनांनी, एक अमेरिकी व दुसरी आंतरराष्ट्रीय, हे निकष सैल केले. आता ३५ च्या पुढे सहव्याधी नसली तरी शस्त्रक्रियेची शिफारस होते आणि ३० ते ३५ दरम्यान मधुमेहासारखे चयापचयाचे विकार असल्यास तिचा विचार केला जातो. आशियाई वंशाच्या लोकांना कमी वजनातच मधुमेह व हृदयविकार गाठतात. त्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा २७.५ इतकी खाली आणण्यात आली आहे.

मात्र, विम्याचे गणित वेगळे आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यासाठी जी प्रमाणित शब्दरचना ठरवून दिली, तिच्यात बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार अशी गंभीर सहव्याधी, हीच अट आहे. वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरलेला रुग्ण विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकतो तो यामुळे. तेव्हा तारीख ठरविण्यापूर्वीच पॉलिसी तपासून घेणे हिताचे.

‘स्लीव्ह’ : जठराची बाही

आज जगात सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. दुर्बिणीच्या साह्याने जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून कायमचा काढून टाकतात. उरलेले जठर सदऱ्याच्या बाहीसारखे अरुंद होते. त्यात अन्न थोडेच मावते. शिवाय भुकेची जाणीव वाढविणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक प्रामुख्याने ज्या वरच्या भागात तयार होते, तोच भाग निघून गेल्याने भूकही मंदावते.

या पद्धतीत आतड्यांना हात लावला जात नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेला वेळ कमी लागतो आणि जीवनसत्त्वांची कमतरता बायपासच्या तुलनेत कमी राहते. पण काढलेले जठर परत जोडता येत नाही, म्हणजे हा निर्णय माघारी घेता येत नाही. दुसरी अडचण आम्लपित्ताची. अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल अन्ननलिकेत उलटे चढू लागते. ज्यांना आधीपासूनच छातीत जळजळ होते, त्यांचा त्रास यामुळे वाढू शकतो.

‘बायपास’ : नवी वाट

हृदयाच्या बायपासशी या शस्त्रक्रियेचा संबंध नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराचा पहिला बायपास केला. आज रूढ असलेल्या ‘रू-एन-वाय’ पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. उरलेले जठर शरीरातच राहते, पण अन्न त्यात जात नाही.

अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचल्याने इन्सुलिनला चालना देणारी संप्रेरके वाढतात. म्हणूनच मधुमेह असलेल्या अनेक रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत खाली येते. आम्लपित्ताचा त्रासही बहुतेकांना कमी होतो.

याची किंमतही आहे. लोह, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. श्रीखंड, शिरा यांसारखे गोड पदार्थ खाल्ल्यास घाम, धडधड, जुलाब असा त्रास काहींना होतो. त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. जोडाच्या जागी व्रण होण्याची शक्यता असल्याने धूम्रपान आणि काही वेदनाशामक गोळ्या कायमच्या वर्ज्य कराव्या लागतात. मद्य शरीरात फार झपाट्याने भिनते. आणि मागे राहिलेल्या जठराची नेहमीच्या एन्डोस्कोपीने तपासणी करता येत नाही.

‘मिनी बायपास’ आणि इतर

अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘मिनी बायपास’मध्ये दोनऐवजी एकच जोड असतो. तो करण्यास तुलनेने सोपा असल्याने भारतात बराच लोकप्रिय आहे. मात्र, ‘मिनी’ या शब्दाने फसू नये. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर वजन घटण्यात तो ‘रू-एन-वाय’च्या बरोबरीचा ठरला, पण जुलाब व कुपोषणाच्या तक्रारी त्यात अधिक आढळल्या. पित्त जठरात येण्याचा धोकाही यात असतो.

आतड्याचा फार मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियांनी वजन सर्वाधिक घटते, पण कुपोषणाची भीतीही तितकीच असते. त्यामुळे त्या अतिस्थूल रुग्णांपुरत्या मर्यादित आहेत. जठराभोवती पट्टा बसविण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली होती. पट्टा सरकणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे यांमुळे ती आता मागे पडली आहे. जठरात ठेवला जाणारा फुगा ही शस्त्रक्रिया नसून काही महिन्यांचा तात्पुरता उपाय आहे.

आकडे काय सांगतात?

स्वित्झर्लंडमधील २१७ रुग्णांवर पाच वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आदर्श मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या बीएमआयपैकी स्लीव्हने ६१ टक्के, तर बायपासने ६८ टक्के घट झाली. संख्याशास्त्राच्या निकषावर हा फरक निर्णायक ठरला नाही. परंतु आधीपासून आम्लपित्त असलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के जणांचा त्रास स्लीव्हनंतर वाढला. बायपासनंतर हे प्रमाण सहा टक्केच होते. दुसरीकडे, पुन्हा शस्त्रक्रिया वा अन्य उपचार करण्याची वेळ बायपासच्या २२ टक्के रुग्णांवर आली, तर स्लीव्हच्या १६ टक्के रुग्णांवर.

मधुमेहाबाबत अमेरिकेतील एका अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा एचबीए१सी सहा टक्के किंवा त्याखाली आणण्यात बायपासचे २९ टक्के, स्लीव्हचे २३ टक्के आणि केवळ औषधोपचार घेणारे पाच टक्के रुग्ण यशस्वी झाले. म्हणजे शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस ठरली, तरी बहुतेकांचा मधुमेह पूर्णपणे गेला नाही. मधुमेह जितका जुना, तितका हा लाभ कमी.

निवड कशी करावी?

शस्त्रक्रियेपूर्वी एन्डोस्कोपी करून घ्यावी. अन्ननलिकेला सूज किंवा आम्लपित्ताचा जुना त्रास असल्यास सहसा बायपासकडे कल असावा. मधुमेह असल्यासही बायपासचे पारडे काहीसे जड होते. याउलट रक्तक्षय असणारे, सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्यांवर अवलंबून असणारे, किंवा गावापासून दूरच्या रुग्णालयात नियमित तपासणीस येणे अवघड असणारे यांना स्लीव्ह अधिक सोयीची ठरू शकते.

आपल्याकडे आहाराचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. शाकाहारी लोकांत ब-१२ ची आणि स्त्रियांत लोहाची कमतरता मुळातच मोठ्या प्रमाणावर आढळते. त्यात बायपास झाल्यास औषधांचा एक महिन्याचा खंडही महागात पडू शकतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. भात-पोळीने भरणाऱ्या ताटात आता डाळ, पनीर, दही, चालत असल्यास अंडी यांना अग्रक्रम द्यावा लागतो. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीतून प्रथिने जवळपास मिळतच नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. तरुण स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळणे आवश्यक आहे.

२०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि लठ्ठपणावरील सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात दाखल झाल्याने आणखी एक पर्याय उपलब्ध झाला आहे. ती बंद केल्यावर बरेचसे वजन परत येते, तर शस्त्रक्रियेचा परिणाम अधिक टिकतो. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांशी या पर्यायाचीही चर्चा करावी.

डॉक्टरांना विचारण्याजोगे प्रश्न असे : माझ्या एन्डोस्कोपीत काय दिसले? माझ्यासाठी हाच प्रकार का आणि दुसरा का नाही? कोणती औषधे आयुष्यभर घ्यावी लागतील आणि त्यांचा महिन्याचा खर्च किती? वर्षानंतर तपासणी कोण करणार? एकच शस्त्रक्रिया सर्वांना सुचविली जात असेल किंवा या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच बाळगू नये.