घाट चढताना दम राखावा

सभासद बंधूंनो, या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि खोडव्याची निगा याबद्दल लिहितो. या वेळी सायकलीबद्दल लिहीत आहोत. विषय बाहेरचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे.

गेला गाळप हंगाम संपल्यावर आम्ही रक्त तपासून घेतले. रिपोर्टात साखर निघाली. साखर कारखान्याच्या माणसाला साखर, म्हणून गट ऑफिसात थोडी थट्टाही झाली. पण रात्री झोप येईना. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही सगळे प्लॉट सायकलीवरून पाहत होतो. पुढे फटफटी आली, पाठोपाठ पोट आले. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले, "रोज अंगातून घाम निघाला पाहिजे."

मे महिन्यात धाकट्या भावाकडे मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात, आठ दिवस राहण्याचा योग आला. पुतण्याला सायकलीचा नाद. पातळ टायरची, वाकड्या हँडलची, गिअरची सायकल. त्याने मित्राची तशीच एक आमच्यासाठी आणली आणि म्हणाला, "काका, उद्या पहाटे गायमुखचा घाट."

पहिला दिवस : फजिती

बेव्हर्ली पार्काहून काशिमीरा, पुढे हायवेने वरसावे नाका आणि तिथून उजवीकडे घोडबंदर रस्ता. चेण्याचा पूल ओलांडला की एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मग गायमुखचा चढ लागतो. घाट लांबीला फार नाही, पण भरलेले ट्रकसुद्धा तिथे कण्हत चढतात.

सपाटीवर सायकल पळत होती म्हणून आम्ही चेव आल्यासारखे त्याच जोरात चढाला भिडलो. जड गिअर तसाच राहिला. उभे राहून पायडल मारले. दोन-तीनशे पावलांच्या अंतरातच छाती भात्यासारखी हलू लागली, मांड्या पेटल्या. गिअर बदलायला गेलो तर ताणावरची चेन करकरली आणि उतरलीच. मागे ट्रकचा हॉर्न. आम्ही सायकल कडेला घेतली आणि हातात धरून चालत वर गेलो. पुतण्या वर थांबला होता. हसला नाही, एवढेच म्हणाला, "काका, माझ्या मागे लागू नका. तुमच्या दमाने चला."

चढाचे गणित

परत येताना त्याने जे समजावले, ते आपल्याला पटण्यासारखे आहे. समजा माणूस ८० किलोचा आणि सायकल १० किलोची. शंभर मीटरला आठ मीटर उंची, असा चढ. ताशी ७-८ किलोमीटरने चढायचे तर सुमारे एक पंचमांश हॉर्सपॉवर लागते. वेग दुप्पट केला की ताकदही दुप्पट लागते. विहिरीवरची ५ हॉर्सपॉवरची मोटारसुद्धा जादा लोड टाकला की जळते, मग माणसाच्या काळजाचे काय?

गिअर यासाठीच असतो. पुढे ३४ दाते आणि मागेही ३४ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते, म्हणजे सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी साडेसात किलोमीटर होतात. आपल्या साध्या सायकलीचे चाक एका फेऱ्यात दोनदाहून अधिक फिरते, म्हणून चढावर ती उतरून ढकलावी लागते. हलका गिअर चढ लागण्यापूर्वीच टाकावा. बैलगाडीवाला टेकाड दिसताच बैल आधीच सावरून घेतो, मध्यावर जाऊन चाबूक उगारत नाही. तसेच हे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. शक्यतो बसूनच चढावे, फार खडा तुकडा आला तरच उभे राहावे. हँडल आवळू नये. चार शब्द बोलता येतील इतकाच दम खर्चावा. वळणावर आतली बाजू खडी आणि बाहेरची सोपी असते, पण वाहनांच्या रस्त्यात सोपी बाजू शोधत फिरू नये, आपली डावी कड धरावी. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, धरून-सोडून वापरावेत. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच.

खिशातली साखर

खरा मोठा घाट म्हणजे बोरघाट. इथला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, रेल्वे १८६३ साली चढली. द्रुतगती मार्गावर सायकलीला बंदी आहे, म्हणून सायकलवाले जुन्याच रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून जातात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा चढ पहिल्याने मारणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आपल्या मराठी मुलखातले नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू तर २०१५ साली अमेरिका आडवी पार करणाऱ्या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पोहोचले. वाटेत डोंगररांगाही होत्या.

खोपोली ते खंडाळा उंची सुमारे ५०० मीटर वाढते. वरच्या हिशेबातल्या माणसाला तेवढ्यासाठी शंभर ग्रॅम साखरेइतकी शक्ती खर्चावी लागते, कारण शरीर जाळलेल्यापैकी जेमतेम पाव भागच कामाला लावते, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणजे आपण पिकवतो ती साखर वाईट नाही. ती खाऊन बसून राहणे वाईट. एक इशारा मात्र द्यायचा आहे : साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर श्रमाने साखर एकदम खालीही येते. घाम फुटून हातपाय थरथरू लागले की थांबावे आणि साखर किंवा गूळ तोंडात टाकावा. आमच्या खिशात आता पुडी असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि काळीज तपासल्याशिवाय चढाला जाऊ नये.

सहाव्या दिवशी आम्ही गायमुख न उतरता चढलो. वेळ बराच लागला, दोन पोरे पुढे निघून गेली, पण पाय टेकला नाही. वर खाडीचा वारा लागला तेव्हा काय वाटले ते लिहिता येत नाही.

गावी आल्यावर जुनी सायकल दुरुस्त केली. जवळचे प्लॉट आता तिच्यावरूनच पाहतो. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा साखर थोडी उतरली होती. गोळी सुटलेली नाही, सुटेल असेही म्हणत नाही. पुढचा हंगाम आटोपला की पुतण्याबरोबर खोपोलीहून निघायचे ठरले आहे.

बंधूंनो, उसाला सगळे खत एका दमात घालू नका, हप्त्याने द्या, हे आम्ही तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतःच्या देहाचा हिशेब मात्र आम्ही ठेवला नव्हता. आपल्यापैकी कित्येकांनी माती परीक्षण केले आहे, पण रक्त कधी तपासलेले नाही. तेवढे या महिन्यात करून घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी