रोप घेताना नाव विचारा

जून महिना आला की आपल्या खान्देशात दोन ठिकाणी गर्दी दिसते. एक बी-बियाण्यांच्या दुकानात आणि दुसरी रोपवाटिकेत. शेतकरी कापसाचे बी घेतात. शाळा, ग्रामपंचायती आणि मोहल्ल्यातील मंडळे झाडांची रोपे घेतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत वन विभागाच्या व सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिका आहेत. पावसाळ्यात तेथे सवलतीच्या दराने रोपे मिळतात. आठवडे बाजारातही हातगाडीवर रोपे विकायला येतात.

रोप विकत घेणे सोपे वाटते. पैसे दिले, पिशवी उचलली, काम झाले! मलाही पूर्वी असेच वाटत असे.

मी नवीनच शिक्षक झालो होतो, तेव्हाची गोष्ट. शाळेच्या मैदानावर सावली नव्हती. मुलांनी पैसे जमवले. मी बाजारात गेलो आणि एका हातगाडीवरून वीस रोपे घेतली. मी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारल्या : किंमत किती आणि उंची किती? रोपे चांगली उंच होती. मुले आनंदाने नाचली. प्रत्येक रोपाला एकेक मुलगा किंवा मुलगी पालक म्हणून नेमली. पावसाळा छान गेला. मग उन्हाळा आला. पुढच्या मे महिन्यात वीसपैकी सतरा रोपे वाळून गेली.

सातवीतील एक मुलगी रोज सुट्टीत घरून पाणी आणून आपल्या रोपाला घालत असे. तिने मला विचारले, "सर, मी एक दिवसही चुकले नाही. मग माझं झाड का मेलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी ते वाळलेले रोप उपटून पाहिले. त्याची मुळे पिशवीच्या आकारातच गोल गोल गुंडाळलेली होती. वर्षभरात ती बाजूच्या मातीत शिरलीच नव्हती. ते झाड कोणते होते, हेही मला ठाऊक नव्हते. गंमत अशी, की शाळेच्या भिंतीजवळ एक कडुनिंब आपोआप उगवला होता. पक्ष्यांनी टाकलेल्या बीपासून तो आला असावा. त्याला कोणी पाणी घातले नव्हते, तरी तो हिरवागार होता.

मग मी एका सरकारी रोपवाटिकेत गेलो. तेथील वृद्ध माळीकाकांना सगळी हकिगत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "सर, केळीचं रोप घेताना शेतकरी जात विचारतो की नाही? कपाशीचं पाकीट वाचून घेतो की नाही? मग झाडाचं नाव का विचारू नये?"

मित्रांनो, काकांनी मला त्या दिवशी जे शिकवले, तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे झाड आपल्या भागातले असावे. खान्देशात पाऊस कमी. तोही साधारण चार महिन्यांतच पडतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सातपुड्याच्या पायथ्याची आणि तापीच्या खोऱ्यातील जी झाडे हजारो वर्षे अशा हवेत वाढली, त्यांना येथे जगण्याची कला येते. पळस, बहावा, अंजन, खैर, बाभूळ, हिवर, आपटा, सालई, धावडा ही अशी झाडे आहेत. यांतील बरीचशी उन्हाळ्यात पाने गाळतात आणि पाण्याची बचत करतात.

काकांनी मला अंजनाचे रोप दाखवले. ते वीतभरच होते. मी म्हणालो, "एवढंसंच?" काका म्हणाले, "हे लवकर वर वाढत नाही, म्हणून लोक घेत नाहीत. पण ते आधी खाली वाढतं." खरेच आहे. अंजनाचे लहान रोप प्रथम लांब सोटमूळ जमिनीत खोल सोडते. म्हणून ते कोरड्या, खडकाळ जागेतही तग धरते. त्याचे लाकूड भारतातील सर्वांत जड लाकडांपैकी एक आहे आणि त्याचा पाला गुरे आवडीने खातात.

आता एक मजेदार गोष्ट ऐका. नावावरून झाडाचे गाव ओळखता येत नाही. 'गुलमोहर' हे नाव किती आपले वाटते! पण ते झाड मूळचे आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरचे आहे. अरबांनी चिंचेला 'तमर-ए-हिंद' म्हणजे हिंदुस्थानचे खजूर म्हटले, पण तिचे मूळ घर आफ्रिकेत आहे. निलगिरी ऑस्ट्रेलियातून आली आणि सुबाभूळ मध्य अमेरिकेतून. ही झाडे आपली शत्रू नाहीत. चिंच तर शतकानुशतके आपल्याकडे राहून आपलीच झाली आहे. परंतु सगळ्याच जागा पाहुण्यांनी भरल्या, तर घरच्यांनी कोठे जावे?

घरचे झाड एकटे येत नाही. त्याच्याबरोबर इतर जीवही येतात. फाल्गुनात पळस फुलला की मैना, बुलबुल आणि शिंजीर त्याच्यावर मध पिण्यासाठी गर्दी करतात. बहाव्याच्या पानांवर फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरे अंडी घालतात. उंबराच्या फळांवर पक्षी, वटवाघळे आणि माकडे जगतात.

मात्र 'देशी' या एका शब्दावर समाधान मानू नका. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल आहे. ते देशी झाड आहे, पण कोकणात ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी वाढणारे आहे. धुळ्याच्या माळरानावर ते लावले, तर त्याला तहान लागेल. म्हणून झाड देशी आहे का, एवढेच विचारू नका. ते आपल्या मातीचे आहे का, हेही विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे झाडाचे मराठी नाव माहीत असावे. रोपवाटिकेतील पाटीवर बहुधा मराठी नाव असते. तुम्ही घरी ज्याला अमलतास म्हणता, तो बहावा. ढाक किंवा टेसू म्हणजे पळस. गूलर म्हणजे उंबर, बरगद म्हणजे वड आणि नीम म्हणजे कडुनिंब. काही लोक कडुनिंबाला नुसते 'लिंब' म्हणतात. तेव्हा लिंब मागून लिंबू घरी आणू नका!

तिसरी गोष्ट म्हणजे रोप नीट पारखून घ्यावे. सर्वांत उंच रोप सर्वांत चांगले नसते. खोड सरळ आणि जाड हवे. पाने टवटवीत हवीत आणि त्यांच्या मागे कीड नसावी. पिशवीचा तळ पाहा. तेथून जाड मुळे बाहेर आली असतील, तर रोप त्या पिशवीत फार दिवस राहिले आहे, असे समजा. माझी वीस रोपे अशीच होती. रोप उचलताना खोड धरू नका, पिशवीला खालून आधार द्या. घरी आणल्यावर ते दोन-तीन दिवस सावलीत ठेवा.

चौथी गोष्ट म्हणजे रोप घेण्यापूर्वी खड्डा तयार हवा. मे महिन्यातच दीड-दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. एक-दोन चांगले पाऊस झाले, की त्यात माती आणि शेणखत भरावे. पिशवी ब्लेडने कापून काढावी, पण मुळांभोवतीची माती फुटू देऊ नये. शेळ्यांपासून रक्षण करण्यासाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे. जुन्या मडक्याच्या तळाला लहान छिद्र पाडून त्यात सुती वात घालावी आणि मडके रोपाजवळ पुरावे. त्यात भरलेले पाणी हळूहळू मुळांना मिळते. आपल्या मातीचे झाड असले, तरी पहिले दोन उन्हाळे त्याला आपला आधार लागतो.

१९५० मध्ये केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी देशात वनमहोत्सव सुरू केला. १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी २ कोटी रोपे लावण्याचा कार्यक्रम झाला. पण रोपे किती लावली, यापेक्षा किती जगली, हा प्रश्न मोठा आहे. त्याचे उत्तर दोन उन्हाळ्यांनंतरच मिळते.

आपल्याला रोपांची विक्रीही भरवता येईल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्थानिक वनस्पतींसाठी १९६५ मध्ये एक संस्था स्थापन झाली. तिच्या शाखा आपापल्या भागातील रोपांची विक्री भरवतात. आपल्या शाळेत हे का होऊ नये? लिंबोळ्या पिकून पडल्या की लगेच गोळा करा, कारण त्यांचे बी फार दिवस टिकत नाही. बहाव्याचे बी टणक असते. ते खरखरीत दगडावर किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजवा. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यांना खाली छिद्रे पाडा, माती व खत भरा आणि बी पेरा. पुढच्या पावसाळ्यात मोहल्ल्यातील लोकांना ती रोपे थोड्या किमतीत विका. प्रत्येक पिशवीवर झाडाचे नाव मराठीत आणि उर्दूत लिहायला विसरू नका.

आम्ही दुसऱ्या वर्षी नावे विचारून फक्त दहा रोपे आणली. त्यांतील आठ जगली. त्या मुलीने बहावा निवडला होता. ती शाळा सोडून गेली, त्यानंतर काही वर्षांनी तो पहिल्यांदा फुलला. पिवळ्या झुंबरांनी झाड भरून गेले. ती आपल्या धाकट्या भावाला घेऊन ते पाहायला आली होती. तिने त्याला झाडाजवळ नेले आणि विचारले, "सांग पाहू, याचं नाव काय?"