खिडकीभोवतीचे कंगोरे आणि संगणकातील भिंत

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेला विद्यापीठ व उच्च न्यायालयाच्या गॉथिक वळणाच्या दगडी वास्तू आहेत, तर पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारती. ‘युनेस्को’ने २०१८ मध्ये या वास्तुसमूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. दोन्ही रांगांचा वेगळेपणा प्रामुख्याने खिडक्यांत दिसतो. एकीकडे घडीव दगडाच्या टोकदार कमानी, तर दुसरीकडे कोपऱ्याला वळसा घालणारे आडवे छज्जे आणि गिलाव्यात उठवलेल्या पट्ट्या. अशा इमारतींच्या दुरुस्तीचे आराखडे संगणकावर तयार करताना नेमका हाच तपशील हातून निसटण्याचा धोका असतो.

‘रेव्हिट’ किंवा ‘आर्किकॅड’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेषा नव्हेत, ती थरांची बनलेली वस्तू असते. २३० मिलिमीटरची वीट, बाहेरून २० आणि आतून १२ मिलिमीटर गिलावा असे थर दिले, की भिंतीची जाडी २६२ मिलिमीटर होते. केवळ विटेची जाडी गृहीत धरली, तर खिडकीची चौकट आणि तयार भिंत यांचा मेळ बसत नाही. खिडकीपाशी गिलावा आत किती वळवायचा, हेही वेगळे सांगावे लागते. ते न सांगितल्यास छेदचित्रात विटेची कड उघडीच राहते.

खिडकीभोवतीच्या कंगोऱ्यासाठी प्रथम त्याचा आडवा छेद काढला जातो. हा छेद चौकटीच्या कडेने फिरवला, की त्रिमितीय पट्टी तयार होते. ती ठरावीक मापाला न जखडता खिडकीच्या रुंदी-उंचीच्या संदर्भरेषांना बांधणे महत्त्वाचे असते. तसे केल्यास खिडकी रुंद केल्यावर पट्टीही आपोआप सरकते. प्रत्येक खिडकीपाशी स्वतंत्र पट्टी काढत बसल्यास फाईल जड होते आणि एक बदल पन्नास ठिकाणी करावा लागतो.

छज्जाची गोष्ट मात्र निराळी आहे. आर्ट डेको इमारतीत तो अनेकदा एका खिडकीचा नसून सलग अनेक खिडक्यांवरून, कोपरा ओलांडून जातो. त्यामुळे तो खिडकीच्या घटकात न घालता भिंतीला व मजल्याच्या पातळीला जोडणे योग्य ठरते. छज्जाच्या खालच्या कडेजवळची बारीक खाचही विसरून चालत नाही. तिच्यामुळे पावसाचे पाणी भिंतीकडे न ओघळता तिथूनच खाली ठिबकते. आराखड्यात ती खाच नसेल, तर गवंड्याच्या हातूनही ती राहून जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंत ओल धरू लागते.

अर्थात, प्रत्येक कंगोरा सर्वत्र दाखवण्याची गरज नसते. १:१०० प्रमाणाच्या नकाशात या रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग उमटतो. १:५ च्या तपशीलचित्रात मात्र त्या अपरिहार्य असतात. म्हणून दूरच्या दृश्यासाठी साधा आणि जवळच्या दृश्यासाठी पूर्ण आकार अशी व्यवस्था एकाच घटकात करता येते.

जुन्या इमारतीत आणखी एक अडचण येते. तिथल्या भिंती ओळंब्यात असतीलच असे नाही, तर सॉफ्टवेअरचा कल सारे काही सरळ करण्याकडे असतो. लेझर स्कॅनिंगने मिळालेल्या लक्षावधी बिंदूंच्या आधारे प्रत्यक्षातला झुकाव टिपता येतो; पण त्यातील कोणता बाक मूळचा आणि कोणता नंतरच्या दुरुस्तीचा, हे वास्तुविशारदालाच ठरवावे लागते.

या साऱ्या खटाटोपाचा संबंध थेट कामाशी आहे. दुरुस्तीचे अंदाजपत्रक याच प्रतिकृतीतील मोजमापांवरून काढले जाते. जी पट्टी तिच्यात नाही, तिच्यासाठी पैसाही ठेवलेला नसतो. मग कंत्राटदार तिच्यावरून सपाट गिलावा फिरवून मोकळा होतो आणि इमारत तीच राहूनही तिची ओळख पुसली जाते.