उभ्या धानात नांगर

भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे नळ आणि वेळ म्हणजे कारखान्याची पाळी. वडील नागपूरहून इथे नोकरीला आले. 1959 साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हाच्या गोष्टी ते रंगवून सांगत. चाळिशी उलटल्यावर मी लग्न करून पाटणकडच्या एका गावात आले. घर छत्तीसगढी, शेती धानाची. या वयाच्या सुनेला स्वयंपाक शिकवायच्या भानगडीत कोणी पडत नाही, हे एक बरं. बोरे आणि बासी मात्र वेगवेगळे असतात, एवढं पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. बोरे ताज्या भातात पाणी घालून होतं, बासीसाठी भात रात्रभर पाण्यात राहावा लागतो.

खरा धक्का बियासीचा. जूनमध्ये पहिल्या पावसावर धान फेकून पेरतात. महिनाभरात रोपं वीतभर होतात, शेत हिरवंगार दिसतं. मग शेतात पाणी साचलं की त्याच उभ्या पिकात हलका नांगर घालतात! रोपं आडवी पडतात, काही चिखलात गडप होतात. मी बांधावर उभी, जीव खालीवर. सासूबाई म्हणाल्या, ‘झन डर्रा बहू, धान जी जाही.’

आणि धान खरंच जगलं. नांगराने तण गाडलं जातं, दाटी मोडते, चिखल होतो आणि पाणी धरून ठेवतो, मुळं मोकळी झाल्यामुळे रोपाला फुटवे येतात. त्यानंतरची चलाई बायकांची. दाट जागेची रोपं उपटायची, विरळ जागी खोचायची, उरलेलं तण पायाने चिखलात दाबायचं. कंबर दुसऱ्या दिवशी बोलते. त्यातच करगा, म्हणजे जंगली धान, ओळखावा लागतो. कोवळेपणी तो हुबेहूब धानासारखाच दिसतो, आणि पिकला की दाणे झाडून पुढच्या वर्षाचीही सोय करून जातो. याच्यावर तोड म्हणून श्यामला नावाचं जांभळ्या पानांचं वाण काढलं गेलं. त्यात हिरवं दिसेल ते उपटा. माझ्यासारखीला यापेक्षा सोपा धडा नाही.

बियासीचं सगळं गणित पाण्यावर. पाऊस लांबला तर रोप जून होतं, मग नांगर फिरवूनही उतारा घटतो. अशा वेळी डोळे तांदुला धरणाच्या कालव्याकडे लागतात. बालोदजवळच्या त्या धरणाचं पाणी कारखान्यालाही जातं. म्हणजे लहानपणी ज्या कारखान्यावर आमचं घर चालत होतं, त्याच्याच वाट्याकडे आता मी शेतकऱ्याच्या नजरेने बघते. पाळी आमच्या टेलपर्यंत आली नाही की मला माहेरचा राग येतो. येऊ दे.

धान विकताना आणखी एक गोष्ट दिसली. 2023च्या हंगामापासून छत्तीसगढ सरकार एकरी 21 क्विंटलपर्यंत धान घेतं, क्विंटलला 3100 रुपये पडतात. पण टोकन निघतं नोंदणी असलेल्याच्या नावावर, पैसेही त्याच्याच खात्यात. आमची नोंदणी सासऱ्यांच्या नावावर आहे. चलाईला वाकणाऱ्या घरातल्या एकाही बाईचं नाव त्यात नाही. शेतकरी घरात लग्न ठरवणाऱ्या, आणि विशेषतः उशिरा ठरवणाऱ्या बायांनो, घर बघायला जाल तेव्हा जमिनीची ऋणपुस्तिकाही बघायला मागा, जमीन कोणाच्या नावावर आहे ते त्यात कळतं. लाजू नका.